उणे गुणिले उणे : अधिक का?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

‘उणे गुणिले उणे बरोबर अधिक’ हे वाक्य आपण सर्वांनी शाळेत पाठ केले आहे. ते का, असे विचारणारे मात्र थोडेच असतील. मीही विचारले नव्हते. सातवीत असताना चिन्हांचे चार नियम फळ्यावर आले, आम्ही ते वहीत उतरवून घेतले आणि परीक्षेत वापरले. पुढे दहावीत गणितात काठावर पास झाले, ‘हा विषय आपला नव्हे’ अशी मनाची समजूत घातली आणि कला शाखेत प्रवेश घेतला. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे ती समजूत चुकीची असू शकेल, असे सांगणारेही घरी कोणी नव्हते.

गेल्या वर्षी माझा धाकटा भाऊ सातवीत गेला. एका संध्याकाळी तो वही घेऊन माझ्याजवळ बसला व म्हणाला, ‘‘ताई, ऋण म्हणजे कर्ज नं? मग कर्जाले कर्जानं गुणलं त पैसे कसे येतात?’’

मी म्हटले, ‘‘तसा नियमच आहे.’’

‘‘मग मले गणित येत नाही असं समज,’’ असे म्हणून त्याने वही मिटली आणि तो उठून गेला.

मी स्वतः नेमकी त्याच जागी थांबले होते. त्याला तिथे थांबू द्यायचे नाही, एवढ्या एका हेतूने मी कॉलेजच्या ग्रंथालयातून गणिताची पुस्तके घरी नेऊ लागले. त्या वाचनातून व घरच्या अनुभवातून जे समजले, ते या लेखात मांडत आहे. गणिताच्या प्राध्यापकांना यात नवीन काही आढळणार नाही. पण माझ्यासारखे जे विद्यार्थी एखाद्या अनुत्तरित ‘का’मुळे या विषयापासून दूर गेले, त्यांनी तरी हा लेख वाचावा अशी इच्छा आहे.

पाचातून आठ जातात

मोजण्यासाठी माणसाने प्रथम ज्या संख्या वापरल्या त्या १, २, ३, ४ अशा. त्यांना नैसर्गिक संख्या म्हणतात. अशा कोणत्याही दोन संख्यांची बेरीज किंवा गुणाकार केला तर उत्तर त्याच संख्यांत सापडते. अडचण येते ती वजाबाकीत. आठातून पाच जातात, तीन उरतात. परंतु पाचातून आठ ‘जात नाहीत’, असे आपल्याला पहिली-दुसरीत सांगितले जाते. व्यवहारात मात्र ते रोज जातात, आणि हे गरिबाच्या घराइतके कोणाला ठाऊक नसेल.

माझे बाबा इतवारीत हमाली करतात. माझ्या प्रथम वर्षाच्या प्रवेशाच्या वेळी घरात पैसे नव्हते, म्हणून त्यांनी मुकादमाकडून ५,००० रुपये उचल घेतली. दर शनिवारी मजुरीतून २५० रुपये कापून घ्यायचे ठरले, म्हणजे एकूण वीस हप्ते. आईला लिहिता-वाचता येत नाही. तिने चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाने वीस रेघा ओढल्या. शनिवारी बाबा घरी आले की ती ओल्या फडक्याने एक रेघ पुसून टाकी.

गणिताच्या भाषेत सांगायचे तर आमचे उचलीचे खाते −५,००० वर होते. पहिल्या शनिवारी ते −४,७५० झाले, दुसऱ्या शनिवारी −४,५००. या ‘−’ चिन्हाच्या संख्या म्हणजेच ऋण संख्या. नैसर्गिक संख्या, शून्य आणि ऋण संख्या यांचा मिळून जो समूह होतो, त्याला पूर्णांक संख्या म्हणतात. शून्य हे धनही नाही आणि ऋणही नाही. त्याच्या एका बाजूला धन संख्या अनंतापर्यंत जातात, दुसऱ्या बाजूला ऋण संख्या. या रांगेला पहिला नाही आणि शेवटचाही नाही.

येथे एक गोष्ट अनेकांना फसवते. ५,००० ही २५० पेक्षा मोठी संख्या आहे. मग −५,००० आणि −२५० यांत मोठी कोणती? उत्तर −२५०. कारण ती शून्याच्या अधिक जवळ, म्हणजे संख्यारेषेवर उजवीकडे आहे. चिन्ह बाजूला ठेवून शून्यापासूनचे नुसते अंतर पाहिले तर त्याला केवलमूल्य म्हणतात. ऋण संख्यांत ज्याचे केवलमूल्य कमी, ती संख्या मोठी. हा नियम पुस्तकात वाचण्यापूर्वीच मला माहीत होता, कारण भिंतीवरच्या रेघा कमी होत तशी आईची मुद्रा उजळत असे.

झिरो माइलपासून हैदराबादपर्यंत

संख्यारेषा समजून घ्यायला नागपूरच्या विद्यार्थ्याला लांब जाण्याचे कारण नाही. सिव्हिल लाइन्सजवळ आपला झिरो माइलचा दगड आहे. ब्रिटिश काळातील भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाशी जोडलेला हा वालुकाश्माचा स्तंभ १९०७ सालचा मानतात. शेजारी चार घोडे आहेत. दगडावर गावांची अंतरे मैलांत कोरली आहेत : सिवनी ७९, जबलपूर १७०, हैदराबाद ३१८.

हे सारे आकडे धन आहेत, कारण नुसते अंतर कधी ऋण नसते. पण दिशा लक्षात घेतली की चिन्ह लागते. उत्तरेला धन व दक्षिणेला ऋण मानू. मग दगड म्हणजे ०, सिवनी +७९, जबलपूर +१७० आणि हैदराबाद −३१८. आता जबलपूरहून सिवनी किती दूर? १७० − ७९ = ९१ मैल. याच रीतीने जबलपूरहून हैदराबाद किती दूर? एका स्थानातून दुसरे वजा करायचे :

१७० − (−३१८)

नागपूरमार्गे जाणारा प्रवासी हे अंतर कसे मोजील? आधी १७० मैल दगडापर्यंत, नंतर ३१८ मैल पुढे, एकूण ४८८. म्हणजे ऋण संख्या वजा करणे आणि तिची विरुद्ध धन संख्या मिळवणे या एकच गोष्टी आहेत. ‘दोन उणे जवळ आले की अधिक होते’ हे जे आपण घोकले, त्यामागे एवढा साधा रस्ता आहे.

शून्य कोठे ठेवायचे, हे मात्र माणसे आपसांत ठरवतात. झिरो माइल हे रस्त्याच्या अंतरासाठी शून्य. परंतु उंची मोजायची तर शून्य समुद्रसपाटीला असते आणि आपले नागपूर सुमारे +३१० मीटरवर येते. केरळातील कुट्टनाडमध्ये समुद्रसपाटीच्या खाली भातशेती होते. तेथील शेतांची उंची ऋण आहे. म्हणून तिथला भात काही खोटा ठरत नाही. ऋण म्हणजे ‘नसलेले’ नव्हे. ठरवलेल्या शून्याच्या दुसऱ्या बाजूचे, एवढाच त्याचा अर्थ.

पूर्णांकांचे वागणे

पूर्णांकांचे मूलभूत गुणधर्म थोडक्यात पाहू. अ, ब, क हे कोणतेही पूर्णांक आहेत असे समजू.

१) संवृतता : अ + ब, अ − ब आणि अ × ब ही उत्तरे पूर्णांकच असतात. वजाबाकीचे अडलेले दार येथे उघडले. भागाकाराचे मात्र बंदच राहते. ७ ÷ २ चे उत्तर पूर्णांकांत नाही.

२) क्रमनिरपेक्षता : अ + ब = ब + अ, तसेच अ × ब = ब × अ. वजाबाकीला हा गुणधर्म नाही. ८ − ५ = ३, तर ५ − ८ = −३. उत्तरे वेगळी, पण शून्यापासून सारख्याच अंतरावर.

३) साहचर्य : (अ + ब) + क = अ + (ब + क). गुणाकारालाही हे लागू आहे. जमाखर्च कोणत्याही टोकाकडून मिळवत आणला तरी शिल्लक तीच येते, ती यामुळेच.

४) अविकारक संख्या : शून्य मिळवले तर संख्या बदलत नाही, एकाने गुणले तरी बदलत नाही.

५) विरुद्ध संख्या : प्रत्येक पूर्णांकाला असा एक जोडीदार असतो की दोघांची बेरीज शून्य होते. ५,००० + (−५,०००) = ०. नैसर्गिक संख्यांजवळ हे जोडीदार नव्हते. पूर्णांकांनी मिळवलेली खरी संपत्ती हीच आहे.

६) वितरण : अ × (ब + क) = अ × ब + अ × क. बेरीज आणि गुणाकार यांना एकत्र बांधणारा हा एकच धागा आहे. आपल्या प्रश्नाचे उत्तर शेवटी याच्यापाशी मिळते.

कर्जाने कर्जाला गुणत नाहीत

आता भावाचा प्रश्न. कर्जाला कर्जाने गुणले तर पैसे कसे येतात? हा प्रश्न बालिश नाही. स्तांदाल या प्रसिद्ध फ्रेंच कादंबरीकाराने आपल्या आत्मचरित्रात शाळेतील हीच अडचण सांगितली आहे. त्याच्या शिक्षकांनाही त्याचे समाधान करता आले नव्हते. तेव्हा माझा भाऊ चांगल्या संगतीत आहे.

गोम अशी की कर्जाला कर्जाने गुणतच नाहीत. ‘प्रत्येकी २५० रुपयांचे ३ हप्ते’ या गुणाकारात रुपये एकाच संख्येपाशी आहेत. दुसरी संख्या ‘किती वेळा’ एवढेच सांगते. ती धन असेल तर तितक्या वेळा मिळवायचे, ऋण असेल तर तितक्या वेळा काढून घ्यायचे.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास आमच्या अठरा रेघा पुसून झाल्या होत्या. दोन उरल्या होत्या. मुकादमाने सणाच्या निमित्ताने ते दोन हप्ते माफ केले. त्या शनिवारी आणि पुढच्या शनिवारी बाबांची मजुरी पूर्ण हातात येणार होती. आईने दोन्ही रेघा एकदम पुसल्या आणि म्हणाली, ‘‘त्यानं पाचशे कापले नाहीत, म्हणजे पाचशे देल्यावानीच नं!’’ मग भिंतीकडे पाहत म्हणाली, ‘‘आज आपण शून्यावर आलो.’’ त्या रात्री घरी शिरा झाला. शून्य म्हणजे काहीच नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी आमच्या घरचा तो दिवस पाहायला हवा होता.

आईने जे केले ते गणितात असे लिहितात : २५० रुपयांचे कर्ज म्हणजे −२५०. अशी दोन कर्जे काढून घेतली, म्हणजे −२ वेळा. म्हणून

(−२) × (−२५०) = +५००

वर्षभरानंतर भावाला मी हेच सांगितले. ‘‘रेघा पुसल्या त्याचं?’’ एवढेच त्याने विचारले. मी होय म्हटले. त्याने वही पुन्हा उघडली.

हीच गोष्ट रस्त्यावरही दिसते. समजा, एक ट्रक ताशी ३० मैलांच्या वेगाने जबलपूरकडून हैदराबादकडे चालला आहे आणि दुपारी बारा वाजता झिरो माइलपाशी आहे. दक्षिण ऋण मानल्यामुळे त्याचा वेग −३०. तीन तासांनंतर तो कोठे असेल? ३ × (−३०) = −९०, म्हणजे दक्षिणेला ९० मैलांवर. आणि तीन तासांपूर्वी, म्हणजे −३ तासांना, तो कोठे होता? उत्तरेला ९० मैलांवर, सिवनीच्याही ११ मैल पलीकडे. (−३) × (−३०) = +९०. ट्रकला नियम पाठ नसतो. तरी तो तेथेच असतो.

कोणी म्हणेल, ही उदाहरणे झाली. सिद्धता कोठे आहे? ती अशी. २ आणि −२ या विरुद्ध संख्या आहेत, म्हणून २ + (−२) = ०. शून्याला कशानेही गुणले तरी शून्यच. म्हणून

[२ + (−२)] × (−२५०) = ०

वितरणाच्या गुणधर्माने कंस सोडवू :

२ × (−२५०) + (−२) × (−२५०) = ०

यातील पहिले पद −५००. त्यात दुसरे पद मिळवल्यावर शून्य यायचे असेल, तर ते दुसरे पद +५०० च असले पाहिजे. ते −५०० मानले तर बेरीज −१,००० होईल आणि वितरणाचा गुणधर्म मोडेल. २ आणि २५० यांच्या जागी कोणत्याही संख्या घेतल्या तरी हीच पायरी चालते. तेव्हा हा नियम कोणा सरांनी किंवा पुस्तकाने लादलेला नाही. लहानपणापासून आपण ज्या बेरीज-गुणाकाराच्या रीती खऱ्या मानत आलो, त्या ऋण संख्यांतही खऱ्या राहाव्यात असे म्हटले की दुसरा मार्गच उरत नाही.

ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य आणि वानरे

हे नियम स्पष्टपणे मांडणाऱ्या पहिल्या गणितज्ञांत ब्रह्मगुप्ताची गणना होते. त्याचा ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ हा ग्रंथ इ. स. ६२८ चा; तेव्हा तो तीस वर्षांचा होता. ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात त्याने धन, ऋण व शून्य यांच्या बेरीज, वजाबाकी, गुणाकाराचे नियम दिले आहेत, आणि दोन ऋणांचा गुणाकार धन होतो हेही त्यात आहे. शून्याला शून्याने भागल्यास शून्य येते, असेही तो म्हणतो. ते मात्र आज मान्य नाही. चीनमध्ये त्याच्याही आधी अशा संख्या वापरात होत्या. तिसऱ्या शतकातील ल्यू हुई या टीकाकाराने धनासाठी लाल व ऋणासाठी काळ्या काड्या वापरण्याची रीत सांगितली आहे. आपल्याकडे तोट्याचे आकडे लाल शाईत लिहितात, त्याच्या हे अगदी उलट! रंग ठरवायचा असतो, नियम ठरवता येत नाही.

महाराष्ट्राशी नाते असलेले नाव म्हणजे भास्कराचार्य. त्यांचा जन्म इ. स. १११४ चा आणि ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ ११५० चा. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे येथे जो शिलालेख आहे, त्यात त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. तो यादव राजा सिंघण याच्या काळातील, १२०७ च्या सुमाराचा. सिद्धान्तशिरोमणीचा एक भाग ‘बीजगणित’. त्यात ऋण संख्या दाखवण्यासाठी अंकाच्या डोक्यावर टिंब देत. धनाचा वर्ग धन आणि ऋणाचाही वर्ग धनच, म्हणून धन संख्येची वर्गमुळे दोन. आणि ऋण संख्येला वर्गमूळ नाही, कारण ती कोणाचाच वर्ग नाही, असे भास्कराचार्य सांगतात.

त्यांचे एक उदाहरण मला फार आवडले. एका कळपातील वानरांचा पाचवा भाग घेतला, त्यातून तीन वजा केले व त्याचा वर्ग केला. तितकी वानरे गुहेत गेली. एक वानर झाडावर दिसते आहे. तर एकूण वानरे किती? उत्तर ५०. पन्नासचा पाचवा भाग १०, तीन वजा जाता ७, वर्ग ४९ आणि झाडावरचे एक. पण ५ हेही उत्तर जमते! पाचाचा पाचवा भाग १, त्यातून ३ गेले −२, वर्ग ४, आणि एक, झाले पाच. ऋण गुणिले ऋण धन होते म्हणूनच हे दुसरे उत्तर जुळते. भास्कराचार्यांना ते दिसले होते, तरीही त्यांनी ते नाकारले. ‘उणे दोन वानरे’ ही गोष्ट लोकांना पटत नाही, असे त्यांचे कारण आहे. गणित एका बाजूला आणि वानरे दुसऱ्या बाजूला, हे भान त्यांनी सोडले नाही.

पाश्चात्त्यांनाही या संख्या सहज पचल्या नाहीत. १७५८ साली फ्रान्सिस मासेरेस या इंग्रज गणितज्ञाने ऋण चिन्हाच्या वापरावर पुस्तक लिहिले आणि लहान संख्येतून मोठी संख्या वजा करण्याला विरोध केला. ब्रह्मगुप्तानंतर अकराशे वर्षांनी विद्वानांना जे पटत नव्हते, ते सातवीतल्या मुलाला एका तासिकेत पटले नाही तर त्याला ‘ढ’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे काय?

शेवटी

या अभ्यासाने मी गणितज्ञ झाले नाही. पण एक गोष्ट मनाशी पक्की झाली. मला गणित समजत नव्हते असे नव्हे. मला ‘का’ विचारता येत नव्हते. माझ्या घरात ऋण संख्या रोजच्या होत्या. भिंतीवर कोळशाने त्या लिहिलेल्या होत्या आणि आई त्यांची वजाबाकी बिनचूक करत होती. पुस्तकातली ऋण संख्या आणि भिंतीवरची रेघ एकच आहे, हे मात्र मला कोणी दाखवले नाही, आणि मीही शोधले नाही. घरच्या अनुभवाला शिक्षणाशी काही देणेघेणे नाही, असे आम्ही पहिल्या पिढीचे विद्यार्थी फार लवकर मानून बसतो. ते मानू नये, एवढेच माझ्यासारख्या मित्रमैत्रिणींना सांगावेसे वाटते.

भावाचे पुढचे काम सुरू झाले आहे. परवा त्याने विचारले, ‘‘तीन उणे गुणले त काय येते?’’ मी उत्तर दिले नाही. ‘‘पुसून पाहा,’’ म्हटले. त्याने थोडा वेळ विचार केला. दोन उण्यांचे अधिक, त्याला तिसऱ्या उण्याने गुणले की पुन्हा उणे. चार असतील तर पुन्हा अधिक. उण्यांची संख्या सम असेल तर धन, विषम असेल तर ऋण, हा नियम त्याचा त्यानेच काढला आणि वहीत लिहिला. खाली त्याने ‘का?’ असा एक शब्द लिहून त्याचे उत्तरही दोन ओळींत लिहिले आहे. माझ्या सातवीच्या वहीत तो शब्द नव्हता.